आगमनकाळाचे चार रविवार: हाटकेशकरांना कळकळीचं आवाहन

हाटकेश, काशीगाव, मीरागाव आणि मीरा रोड-भाईंदर परिसरातल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो, आणि आमच्या सोसायट्यांमधल्या सर्व शेजाऱ्यांनो,

येत्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होतो आहे. नाताळपर्यंत चार रविवार आहेत. या चार रविवारांवर आपल्या भागातल्या कितीतरी घरांचं वर्ष उभं असतं. कुणी कुलकुल आणि न्यूरी करतं, कुणी मार्झिपान आणि मिल्क क्रीम, कुणी फळांचे केक. कुणी गव्हाणीसाठी गवत आणि लाकूड आणून गोठे बांधतं, कुणी फर्स्ट कम्युनिअनचे आणि नाताळचे फ्रॉक शिवतं. यातल्या बहुतेकांकडे दुकान नाही. स्वयंपाकघर, एक ओव्हन, एक शिलाई मशीन आणि ओळखीची माणसं एवढंच भांडवल. किती मैदा भरायचा, किती नारळ आणायचे, मदतीला शेजारणीला बोलवायचं का, हे त्यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवावं लागतं. आणि आज, आगमनकाळ दारात असताना, त्यांच्या वहीत नावं नाहीत. आपण ‘बघू’ म्हणतो, आणि तेवीस तारखेच्या रात्री फोनवर बोट फिरवून कुठल्या तरी गोदामातला डबा मागवतो.

म्हणून हे पत्र आत्ता, आज. नाताळ झाल्यावर हळहळून उपयोग नाही.

मी फक्त मिठाईबद्दल बोलत नाही. मला वाटतं, आपण मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं कमी केलं आणि आपल्या माणसांकडून घेणं कमी केलं, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपल्याकडचा छोटा ख्रिस्ती व्यवसाय जाहिरातीवर कधी चाललाच नाही. तो चालला रविवारच्या मिस्सेनंतरच्या अर्ध्या तासावर. लोक आवारात रेंगाळतात, आजारी माणसाची चौकशी होते, कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळतं, आणि त्याच बोलण्यात ‘बाई, यंदा दोन किलो न्यूरी माझ्या नावावर लिहा’ हे होऊन जातं. मिस्सा बिछान्यातून मोबाईलवर पाहिली की हा अर्धा तास गेला. तो गेला की वही रिकामी. आणि ज्या घराचा धंदा बसला, त्या घरातल्या बाईला रविवारीही कुठेतरी कामाला जावं लागतं, म्हणजे चर्चमधलं आणखी एक बाकडं रिकामं. हे चक्र थांबवायचं तर दोन्ही टोकांनी हात घालावा लागेल.

ऑनलाइन मिस्सेची गरज मी नाकारत नाही. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली, त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि ईस्टर आपण घरातच पाळला. १६ नोव्हेंबर २०२०ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला घटस्थापनेला परत उघडली. त्या काळात पडद्यावरच्या मिस्सेनं आपल्याला धरून ठेवलं. आजही जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांची रात्रपाळी सकाळी संपते अशा परिचारिका, जहाजावर आणि आखातात असलेली आपली मुलं, यांच्यासाठी ती सोय राहिलीच पाहिजे. माझा प्रश्न धडधाकट पायांनी घरी बसलेल्यांना आहे. २०२१ मध्ये दार उघडलं, मग आपण आत का गेलो नाही?

चर्चनं यावर पुरेसं स्पष्ट सांगितलं आहे. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेनं २२ फेब्रुवारी २००२ रोजी चर्च आणि इंटरनेट या विषयावर एक दस्तऐवज काढला. त्यात इंटरनेटचं मनापासून स्वागत आहे, पण संस्कार इंटरनेटवर होत नाहीत हेही तितकंच ठामपणे मांडलं आहे. (त्याच महिन्याच्या २८ तारखेला आपली मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. म्हणजे हे शहर महानगर म्हणून जितकं जुनं, तितकाच हा प्रश्न जुना.) पुढे टाळेबंदी ऐन भरात असताना, १७ एप्रिल २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी सकाळच्या मिस्सेतल्या प्रवचनात सावध केलं: संकटात हा मार्ग धरावा लागला आहे, पण लोकांविना, संस्कारांविना चर्च होत नाही, आपल्याला यातून बाहेर पडायचं आहे.

आपल्या मुंबई-साष्टीच्या गावठाणांत संकटातूनही एकत्र येण्याचं एक जुनं उदाहरण उभं आहे. १८९६च्या प्लेगमध्ये लोक घाबरून गेले होते. बंद जागेत जमणं धोक्याचं, म्हणून गल्लीच्या तोंडाशी, वाडीच्या मधोमध क्रूस उभारले गेले आणि लोक उघड्यावर प्रार्थनेला जमू लागले. प्लेग गेला. क्रूस राहिले, आणि क्रुसाभोवती जमणंही राहिलं. मे महिन्यात तिथे हार पडतात, रोजरी होते, नंतर चणे वाटले जातात. त्या पिढीनं साथीमधून एकत्र येण्याची आणखी एक जागा कमावली. आपण साथीमधून काय कमावलं, याचं उत्तर अजून आपल्या हातात आहे.

हाटकेशमध्ये राहणाऱ्याला लांब जायचंही कारण नाही. काशिमिऱ्याला सेंट जेरोम चर्च आहे, मीरा रोडला सेंट जोसेफ आहे, भाईंदर पश्चिमेला अवर लेडी ऑफ नाझरेथ. पुढे डोंगरीला बेथलेहेम मातेचं चर्च, उत्तनला समुद्रमातेचं. याशिवाय कितीतरी लहान मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये, गाळ्यामध्ये रविवारी प्रार्थनेला जमतात. तेलुगू, तमिळ, मल्याळी, मराठी, हिंदी. या लहान मंडळ्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मोठ्या चर्चला आपली जमीन आहे, इमारत आहे. यांना दर महिन्याला भाडं भरायचं असतं. पंधरा-वीस कुटुंबांच्या मंडळीतली सहा कुटुंबं दुसऱ्या शहरातल्या एखाद्या प्रसिद्ध उपदेशकाचं थेट प्रक्षेपण बघायला लागली आणि दशमांशही तिकडेच पाठवू लागली, तर इथला हॉल सुटतो. तो उपदेशक चांगला असेल, त्याचा संदेश खराही असेल. पण तुमचा मुलगा रात्री दवाखान्यात असताना तो येणार नाही. त्याला तुमचं नावही ठाऊक नाही.

इथे मला एका व्यवसायाबद्दल बोलायचं आहे, ज्याचं नाव आपण एरवी घेत नाही. शवपेटी बनवणारे, अंत्यविधीचं सामान पुरवणारे. आमच्याकडे त्यांना सरळ कॉफिनवाले म्हणतात. घरात कुणी गेलं की पहिला फोन फादरांना आणि दुसरा त्यांना. पहाटे तीन वाजता ते येतात. माप घेतात, दफनभूमीत कुणाशी बोलायचं ते त्यांना माहीत असतं, मृत्यूच्या दाखल्याची धावपळ ते सांगतात, फुलं आणि मेणबत्त्या आणतात, आणि पैशांचं नंतर बघू म्हणतात. ज्या घरात त्या क्षणी कुणाचंच डोकं चालत नसतं, तिथे हा माणूस सगळं सांभाळतो. तो हे करू शकतो, कारण तो त्याच चर्चमध्ये मागच्या बाकड्यावर बसतो आणि तुमच्या वडिलांना चेहऱ्यानं ओळखत होता. पण त्याचं घर नुसत्या शवपेट्यांवर चालत नाही. तो एरवी सुतारकाम करतो, देव्हारे करतो, गव्हाणी करतो, स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो. ते काम आपण ॲपवरून मागवलेल्या सुट्या फळ्यांना दिलं तर तो हा धंदा सोडेल, मुलं तर केव्हाच दुसरीकडे लागली आहेत. मग पहाटे तीन वाजता कुणाला फोन करणार?

तीच गोष्ट बँडवाल्यांची. आपल्या मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायला बाया लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात. पुढे बँड नसेल तर ती मिरवणूकच नाही. स्पीकरवर गाणं लावून भागवणारी लग्नं आता वाढली आहेत. माझी विनंती आहे, निदान त्या एका संध्याकाळी माणसं बोलवा.

आता ईस्ट इंडियन घरांतल्या बाटली मसाल्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या शेजाऱ्यांपैकी अनेकांना तो आवडतो, पण तो होतो कसा हे माहीत नसतं. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा: दोन-तीन जातींच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, नागकेसर, दगडफूल, तिरफळ, शिवाय गहू आणि चण्याची डाळ. पंचवीस-तीस जिन्नस सहज होतात, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, ते सासूकडून सुनेकडे जातं. भाजलेलं सगळं बाया उखळात लांब मुसळांनी कांडतात, चाळतात आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत काठीनं ठासून भरतात, म्हणजे उजेडानं रंग उडत नाही आणि वर्षभर टिकतो. आता यातला पैशांचा हिशेब बघा. मिरची मार्च-एप्रिलमध्ये खरेदी करावी लागते, रोख पैशांनी. विक्री मात्र पावसाळाभर आणि नाताळपर्यंत चिमटीचिमटीनं होते. म्हणजे त्या बाईचे पैसे आठ-नऊ महिने बाटल्यांत अडकलेले. आपण तिला मार्चमध्ये आगाऊ पैसे दिले तर तिला कर्ज काढावं लागत नाही. हा एवढा साधा बदल आहे. ‘बाटली मसाला’ अशी चिठ्ठी लावलेलं पाकीट ऑनलाइन कुठेही मिळेल. ते कुणी कांडलं, कधी भाजलं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता उत्तनकडे या. हाटकेशहून रिक्षानं भाईंदर स्टेशन, पलीकडे पश्चिमेला जाऊन उत्तनची बस. उत्तन, चौक, पाली, भाटेबंदर, डोंगरी हा सगळा पट्टा कोळी ख्रिस्ती आणि ईस्ट इंडियन माणसांचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर नारळी पौर्णिमेचा समुद्र, आणि आता हिवाळ्यात बोंबील बांबूंच्या मांडवांवर वाळत पडलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं, त्याचा आनंद आहे. पण पापलेट पकडणाऱ्याचं आणि पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळणीचं काय? डिझेलचा भाव, समुद्रातला प्लास्टिकचा कचरा, उत्तनच्या डोंगरावरचं डम्पिंग ग्राउंड, हे सगळं सोसून ती मासळी आणते. आपल्या सोसायटीच्या फाटकावर मात्र थंड पेटीतली, साफ करून कापलेली, दुसऱ्या राज्यातल्या किनाऱ्यावरून आलेली मासळी उतरते. वेळ वाचतो हे मला मान्य आहे; नोकरी करणाऱ्या बाईला हे बोलण्याचा मला अधिकार नाही. म्हणून एवढंच मागतो: एका मजल्यावरच्या चार घरांनी मिळून एक कोळीण धरा. आठवड्यातून एकदा तिला फोन करा, ती साफ करूनही देते. चारही घरांची मागणी एकदम मिळाली तर तिचं हाटकेशपर्यंत येणं परवडतं.

आपल्यातल्याच माणसांनी एकमेकांच्या पैशाला आधार द्यायचा, हा विचार नवा नाही. खाडीपलीकडे वसईत १९१८ मध्ये मोन्सिनिअर पी. जे. मोनिस यांनी लोकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी एक छोटी सहकारी पतसंस्था सुरू केली. तिलाच आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून आपण ओळखतो. तिथे ठेवी ठेवणारे कुणी धनिक नव्हते. केळी, पानवेल आणि भाजी पिकवणारे वाडीतले शेतकरी होते. त्यांनी आपले आणे आपल्या माणसांच्या हाती ठेवले, आणि पुढे त्याच बँकेची दारं सर्व धर्मांच्या ग्राहकांना उघडली. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू आहे. नाताळच्या खरेदीला एकदा वसईत जा, सुकेळी आणा, तिथल्या बाजारात वाडीतल्या बाया ताजी भाजी घेऊन बसलेल्या असतात.

एक गोष्ट मला अगदी उघड सांगायची आहे. हे आवाहन कुणाला टाळण्याचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या मीरा रोडनं जो धार्मिक तणाव पाहिला तो आपण विसरलेलो नाही. अमक्या धर्माच्या दुकानातून घेऊ नका असे संदेश किती सहज फिरतात, तेही आपण पाहिलं. त्या वाटेवर एक पाऊलही टाकायचं नाही. आपला भाजीवाला, वाणी, खाटीक, शिंपी कुठल्याही धर्माचा असो, तो आपला शेजारी आहे आणि त्याच्याकडून आपण घेतच राहू. मी म्हणतो आहे ते एवढंच, की हाटकेशमधल्या पैशाचा थोडा मोठा हिस्सा हाटकेशमध्ये फिरू द्या, आणि त्यातल्या ज्या माणसांना ना दुकान आहे ना पाटी, त्यांना या चार रविवारांत विसरू नका. हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांनाही म्हणूनच हे पत्र लिहिलं आहे. केक आणि कुलकुल तुम्हालाही आवडतात, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. मिस्सेनंतर आवारात या, तिथे कुणी तुमचा धर्म विचारणार नाही.

आणि आपल्या विक्रेत्यांनाही दोन शब्द. ‘आपला माणूस’ म्हणून शिळा केक कुणी खपवून घेऊ नये, आणि घेणारही नाही. भाव लिहून लावा. कधी बनवलं, त्यात काय आहे, दारू किंवा अंडं आहे का, हे चिठ्ठीवर लिहा. शेजारी विचारतात आणि त्यांना विचारण्याचा हक्क आहे. अन्नपदार्थ विकता तर नोंदणी करून घ्या. दिलेली तारीख पाळा. फोनचं वावडं धरू नका: यूपीआयचा कोड ठेवा, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्या. मोबाईलच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ओळखीचा माणूस असला की तोच मोबाईल आपल्या कामाचा.

धर्मग्रामांच्या समित्यांकडेही मागणं आहे. आगमनकाळाच्या चारही रविवारी आवारात टेबलं मांडू द्या, आणि त्यासाठी भाडं घेऊ नका. घरगुती विक्री करणाऱ्या बायांना, विधवांना, नुकतीच नोकरी गेलेल्यांना आधी जागा द्या. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या सदस्यांना अशी घरं बरोबर ठाऊक असतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हापासून त्यांचं कामच घरोघरी जाऊन बघण्याचं आहे. त्यांना विचारा. शक्य असेल तिथे उशिराची एक मिस्सा ठेवा, म्हणजे पाळीवर काम करणाऱ्यांना पडद्याकडे वळावं लागणार नाही. जिथे मराठी मिस्सा आहे तिथे मराठी माणसांनी जावं, ही माझी वेगळी आणि आग्रहाची विनंती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६चं, ‘निरोप्या’ मासिक १९०३ पासूनचं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेतल्या मिस्सेला बाकडी रिकामी दिसली, तर उद्या वेळापत्रकातून ती वेळ जाईल आणि दोष फक्त आपला असेल.

तर आता करायचं ते असं. येत्या रविवारी कुटुंबासह आपल्या जवळच्या चर्चमध्ये किंवा आपल्या मंडळीत प्रत्यक्ष या. घरातल्या आजीआजोबांना चढ-उतार होत नसेल तर सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून रिक्षा करा. जे खरंच येऊ शकत नाहीत, त्यांची नावं फादरांना किंवा पास्टरांना द्या, म्हणजे कम्युनिअन आणि प्रार्थना त्यांच्या घरी पोचेल. मिस्सेनंतर आवारात थांबा. नाताळची ऑर्डर ८ डिसेंबरच्या आत द्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. ऑफिसात, सोसायटीत भेटीचे डबे वाटायचे असतील तर ते याच बायांकडून घ्या. एका कंपनीची पन्नास डब्यांची ऑर्डर म्हणजे एका घराची पुढच्या सत्राची शाळेची फी. आणि मसाल्यासाठी मार्चची वाट बघू नका, आत्ताच नाव लिहून ठेवा, म्हणजे मिरची कुणासाठी घ्यायची हे तिला ठाऊक असेल.

हे पत्र आपल्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावा आणि ग्रुपवर पाठवा. समित्यांनी होकार दिला तर रविवारी पहिल्या मिस्सेपासून शेवटच्या मिस्सेपर्यंत टेबलं मांडलेली असतील.